पेपरच्या समासातलं नाव

नव्वदच्या आसपास दिल्लीतलं सरकार आज पडतं की उद्या, एवढी एकच काळजी मला होती. जळगावचा पेपर सकाळच्या एस.टी.नं धुळ्याला यायचा आणि मी स्टँडवर आधीच हजर. घरी चहा गार व्हायचा, बायको बोलत राहायची आणि माझ्या कानाला रेडिओ. ती म्हणायची, "प्रभू परत आला तरी तुम्हाला बातम्यांतच कळणार." मी हसण्यावारी न्यायचो. चर्चचा पंच होतो ना, मला कोण शिकवणार!

दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असायची. आधी प्रत्येकानं आपली विनंती सांगायची, मग सभा चालवणाऱ्यानं एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची, अशी रीत. त्या बुधवारी पाळी माझी होती. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या आमच्यातल्या एका भाऊंचा पाय सडला होता, दुसऱ्या दिवशी तो कापणार होते. त्यांची बायको, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, तेवढ्यासाठी दवाखान्यातून चालत आली होती. कागद नव्हता, म्हणून मी बायबलात घडी करून ठेवलेल्या पेपरच्या समासात विनंत्या लिहून घेतल्या. पेपर बायबलात काय करत होता, हे विचारू नका.

सगळ्यांनी डोळे मिटले. दोन नावं झाली. तिसरं बघायला डोळे किलकिले केले, तर नजर समासावरून घसरून बातमीत गेली. कुणीतरी पाठिंबा काढला होता. तोंड चालूच होतं. प्रभू, देशाला स्थिर सरकार दे, फुटणाऱ्यांना सुबुद्धी दे, असं दहा मिनिटं. आमेन म्हणताना छान झाल्यासारखंही वाटलं मला, मेल्याला.

चहा झाल्यावर अक्का चपला घालता घालता हळूच मला म्हणाली, "भाऊ, मन्हा मालकनं नाव राही गयं."

"मनात घेतलं होतं, अक्का," मी म्हणालो. प्रार्थनेच्या जागी उभा राहून धडधडीत खोटं. तिनं फक्त मान हलवली. त्या मान हलवण्यानं मी जेवू शकलो नाही.

सकाळी स्टँडकडे न वळता दवाखान्यात गेलो. भाऊंना अजून आत नेलं नव्हतं. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "तुम्हीन मन्हासाठे प्रार्थना करी ना, घरवालीनी सांगं. मंग रातभर चांगली झोप उनी." अक्का खिडकीबाहेर बघत होती. तिनं माझी लाज झाकली होती, आणि त्यानं मला जास्तच लाज वाटली.

"भाऊ, मी काल तुमचं नाव घेतलंच नाही," मी म्हणालो. "मी सरकारसाठी प्रार्थना करत बसलो."

भाऊंनी हात पुढे केला. "मंग आते ल्या मन्हं नाव."

खाटेशी गुडघे टेकले. देशासाठी दहा मिनिटं बोलणाऱ्या मला त्यांच्या नावापुढे एक शब्द सुचेना. मी नुसतं नावच घेत राहिलो.

तेव्हापासून आजाऱ्यांची नावं मोठ्यानं घेतल्याशिवाय मी पेपर उघडत नाही. हात शिवशिवतात, अजूनही. मग मी पहिलं नाव भाऊंचं घेतो.