नाल्याच्या तोंडाशी भास्करराव

भास्करराव गेल्याचा निरोप मला शाळेत, नववीचा तास चालू असताना मिळाला. शिपायाने दाराशी येऊन हळू आवाजात सांगितले, "सर, सरावलीहून फोन होता. भास्करराव पहाटे गेले." मी मान हलवली, फळ्याकडे वळलो आणि तास पूर्ण केला. आज पाच आठवडे झाले, पण त्या तासाला मी काय शिकवले ते मला आठवत नाही.

आमची ओळख ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्ये तयार करणाऱ्या एका कारखान्यात ते बॉयलर आणि सांडपाणी अशी दोन्ही कामे पाहत असत. इंधनबचतीवर बोलण्यासाठी आम्ही त्यांना पालघरच्या आमच्या शाळेत बोलावले होते. शिक्षकांच्या खोलीत स्टोव्हवर चहाचे पातेले उघडे उकळत होते. ते पाहताच पाहुणे म्हणाले, "अहो गुरुजी, झाकण काय शोभेला ठेवलंय? आमच्याकडं असं केलं तर साहेब मला चिमणीवर चढवतील!" पुढे आमचा स्नेह वाढला. रस्त्याने चालताना ते प्रत्येक चिमणीकडे मान वर करून पाहत. काळा धूर म्हणजे न जळता गावावर पसरलेले तेल, असे ते म्हणत. शेजारच्या सुनेच्या स्टोव्हवरचे उघडे पातेले आणि कारखान्याचा बॉयलर यांत त्यांना फरक दिसत नसे.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी सुधारणा आणि सर्वांत मोठी चूक एकच होती. ती नीट समजावून सांगणे मला भाग आहे. तयार झालेल्या रंगात आम्ल उरते. ते काढण्यासाठी रंग गरम पाण्याने अनेकदा धुवावा लागतो आणि ते पाणी तापवण्यासाठी तेल जाळावे लागते. भास्कररावांनी असे ठरवले की एका खेपेच्या शेवटच्या धुण्याचे, जवळजवळ स्वच्छ असलेले पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरायचे. पाणी निम्मे लागू लागले, तेल वाचले, चिमणीचा धूर उतरला. कारखान्याने त्यांना शाल आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. मीही वर्गात ही युक्ती कौतुकाने सांगितली.

मात्र सांडपाण्याच्या टाकीजवळ भास्कररावांच्याच हाताने लिहिलेली एक जुनी पाटी होती : "दर टाकीस चार पोती चुना." चुन्याने आम्ल मारले जाते आणि मगच पाणी नाल्यात सोडतात. आता पाणी निम्मे झाल्यामुळे दिवसाला टाक्याही निम्म्या भरू लागल्या. कामगार पाटीप्रमाणे प्रामाणिकपणे चुना टाकत राहिले. परिणामी चुनाही निम्मा झाला. आम्ल मात्र होते तेवढेच राहिले. हंडाभर पाण्यातले मीठ अर्ध्या हंड्यात विरघळवले म्हणून मीठ अर्धे होत नाही, हे सहावीतल्या मुलालाही कळते... ते आम्हा दोघांनाही दिसले नाही.

दिसले ते नवापूरच्या जानकीबाईंना. त्या वर्षानुवर्षे सरावलीला भास्कररावांच्या दारी मासळी घेऊन येत. ते त्यांचे 'भाव' आणि त्या त्यांच्या 'जानकीबाय'. एके सकाळी त्या टोपली न उतरवताच भास्कररावांच्या पत्नी सुमनवहिनींसमोर उभ्या राहिल्या.

"आज काय नाय वयनी. खाडीत बोय मासळी उलटी पडलीय. चिखलातलं निवटं बी मेलं. भावाच्या कंपनीचं पानी पिऊन."

भास्करराव हसून म्हणाले, "जानकीबाय, आमचं पाणी तर आता निम्मं झालंय. दुसऱ्या कुणाचं तरी असेल."

"निम्मं झालं, तर मंग इतकं झोंबतं कसं? माज्या पायाची सालटी निगालीत, बगा."

त्यांनी ते पाय पाहिले. त्या दिवशी ते चहा न पिताच कारखान्यात गेले आणि संध्याकाळी माझ्या घरी आले. खुर्चीवर न बसता त्यांनी सारे सांगितले. पाटी त्यांनी बदलली होती. प्रश्न पुढचा होता : झालेली चूक उघड सांगायची की नाही.

व्यवस्थापकांनी त्यांना समजावले, "त्या नाल्यात दहा कारखान्यांचं पाणी येतं. तुमचंच कशावरून?" भास्कररावांचे उत्तर त्यांनीच मला सांगितले होते : "इतरांचं मला ठाऊक नाही, साहेब. माझं मला ठाऊक आहे." चूक त्यांनी नोंदवहीत स्वतःच्या नावाने लिहिली. महिन्याभरात त्यांची बदली भांडारात झाली. घड्याळ त्यांनी हजेरीच्या खोलीत नेऊन टांगले.

त्यानंतर ते नवापूरला गेले. सोबत मी होतो. वाळत घातलेल्या बोंबलांपाशी उभे राहून त्यांनी जानकीबाईंना सांगितले की चूक आपलीच होती. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "तुमी शिकलेली मानसं. आमी कोनाकडं बगायचं?" त्या पाठमोऱ्या झाल्या. पुन्हा कधी भास्कररावांच्या दारी आल्या नाहीत. सरावलीत आल्या तरी दुसऱ्या गल्लीने जात. सुमनवहिनींनी एकदा हाक मारली, तरी त्यांनी मागे वळून पाहिले नाही. भास्करराव एवढेच म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

तेव्हापासून दर रविवारी ओहोटीच्या वेळी ते सायकलने नवापूरजवळ नाला खाडीला मिळतो तिथे जात आणि आमच्या प्रयोगशाळेतून नेलेली निळ्या लिटमसची पट्टी पाण्यात बुडवून पाहत. पट्टी लाल झाली, म्हणजे पाण्यात आम्ल असले, तर सोमवारी कारखान्यात, आणि गरज पडली तर शेजारच्या कारखान्यांतही, विचारणा करीत. हा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता. काही ठिकाणी फाटकावरूनच परत पाठवत. निवृत्तीनंतरही रविवार चुकला नाही. "काय उपयोग?" असे मी एकदा विचारले. "उपयोगाचं माहीत नाही, गुरुजी. पाहायला तरी नको का?"

गेल्या रविवारी सुमनवहिनींनी उरलेल्या पट्ट्यांची डबी माझ्या हाती दिली. ती शाळेची वस्तू, शाळेत परत जावी, एवढाच त्यांचा हेतू. मी मात्र सरळ नवापूरला गेलो. नाल्याच्या तोंडाशी, काठावर एक म्हातारी बाई जाळे दुरुस्त करीत बसली होती. जवळ गेल्यावर ओळखले, जानकीबाई.

"मास्तर, भाव नाय आला? चार-पाच आयतवार झालं."

मी सांगितले. त्यांच्या हातातली सुई थांबली.

"कागूद बुडवायचा," त्या म्हणाल्या, "आनि पानी बरं असलं तर त्याच पान्यात हात धुवायचा. त्यानं हात धुतलं का मी पोरांना सांगायची, जावा, टाका जालं. नाय धुतलं, तर त्या दिशी कोनीच खाडीत उतरत नसं. समदा पाडा माज्याकडं बगायचा, नि मी त्याच्याकडं."

"हे तुम्ही त्यांना कधी सांगितलं होतं का?"

"कसं सांगनार? मी बोलत नव्हते ना त्याच्याशी."

मी डबी उघडली, पट्टी बुडवली, नियमाप्रमाणे थांबलो. ती निळीच राहिली. "ठीक आहे," मी म्हणालो.

जानकीबाई उठल्या नाहीत. त्या माझ्या हातांकडे पाहत होत्या. मागे, होडीपाशी, दोन माणसे थांबली होती.

मी चपला काढल्या, खाली उतरलो आणि पाण्यात हात घातले.