सोबत जाणारे काका

नंदुरबारच्या आमच्या कॉलेजात एक शिपाईकाका आहेत. ऑफिस कुठंय असं कोणी विचारलं, तर ते हाताने दिशा दाखवत नाहीत. स्टुलावरून उठतात, चपला पायांत सरकवतात आणि म्हणतात, "चाल, मी येस," आणि सोबत निघतात. डोंगरातल्या धडगावकडची एखादी बुजरी मुलगी असली, तर तिचं काम होईपर्यंत खिडकीपाशी उभे राहतात. मला या सवयीचा वैताग यायचा. घंटा द्यायच्या वेळी ते कधी जागेवर नसायचे.

मागच्या आठवड्यात मी मेंदू शिकवत होतो. पेशीला शांत करणारा निरोप जिथे येतो, तिथे तो झेलायला रिसेप्टर लागतात आणि स्कॅफोल्ड प्रथिन त्यांना परांचीसारखं जागेवर धरून ठेवतं, असं मी सांगितलं. काका खडू घेऊन आले होते. दारातूनच म्हणाले, "सर, पन तठे त्याले कोन लई जास?" रिसेप्टरला तिथवर नेतं कोण, असं त्यांना विचारायचं होतं.

"तिथे तुमच्यासारखं कोणी सोबत जात नसतं, काका."

वर्ग हसला. काकाही हसले.

दोन दिवसांनी पुढच्या तासासाठी वाचताना कळलं, की काही रिसेप्टरांना हे स्कॅफोल्ड प्रथिन वाटेतच जोडलं जातं, त्यांच्यासोबत जातं आणि पोचल्यावर तिथेही त्यांना धरून ठेवतं. वर्गात मी चूक सुधारली. प्रश्न कोणाचा होता, ते मात्र बोललो नाही.

बाहेर आलो, तर काका एका मुलीला परीक्षा विभागाकडे नेत होते. मला बघून थांबले.

"आज काय शिकाडं, सर?"

"काही नाही," मी म्हणालो. "मागचंच."