निळ्या कापसाची वही

मी तोंडाची फटकळ. आई म्हणायची, "या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही." खरंच होतं ते. अन् त्याच तोंडापायी एका सकाळी माझ्या बाबांची नोकरी जायची वेळ आली.

आमच्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. मराठवाडा मुंबई राज्यात गेला अन् आमचं आदिलाबाद आंध्रात. बाबा शाळेत मराठीचे मास्तर. मराठीचे वर्ग राहतील की बंद होतील, कोणी सांगत नव्हतं. बाबांना तेलुगूची परीक्षा द्यायला लावली होती. चाळिशीतला माणूस ओसरीवर बसून पाटीवर अक्षरं गिरवायचा, अन् मी बाजारात शिकलेली तेलुगू फाडफाड बोलून त्यांना चिडवायची.

त्याच दिवसांत बाबा एक कादंबरी लिहीत होते, लहान पोरांसाठी. एक राज्य असतं, तिथं सगळं पांढरं. भिंती पांढऱ्या, कपडे पांढरे, काळी गाय असली तर तिला रोज चुना फासायचा. हसायचं तेसुद्धा घंटा झाली की, सगळ्यांनी मिळून. अशा राज्यात एका पोरीच्या वावरात निळा कापूस फुटतो. शिपाई म्हणतात, उपटून टाक. ती बोंडं वेचते, सूत कातते, निळं पोलकं शिवून अंगात घालते. मग शिपाई तिच्या दारात येतात.

इथवर बाबांनी मला वाचून दाखवलं होतं. शेवट लिहून झाला होता, पण तो दिवाळीला वाचू म्हणाले. अन् बजावलं होतं, "बाहेर बोलू नको बाई. दिवस बरे नाहीत."

मी कुठली गप्प बसते! मधल्या सुट्टीत चिंचेखाली बसून बाबांच्या वहीतली ऐकलेली सगळी गोष्ट सांगितली. ऐकणाऱ्यांत हेडमास्तरांची पोरगीही होती.

तीन-चार दिवसांनी सकाळी शाळेचा चपराशी दारात उभा. "मास्टरसाब, तपासणी के बड़े साब आए हैं. वो सफेद राज की कहानीवाली वही लेके आव बोले."

चपराशी गेला. बाबांनी माझ्याकडं पाहिलं.

"तू बाहेर बोलली?"

"हो."

मारलं असतं तर बरं झालं असतं. ते आत गेले. पेटीतून वही काढली अन् मागच्या अंगणात गेले. तिथं अंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती.

आई धावली. "अहो, काऊन जाळून राह्यले? आधी विचारा तर खरं, काय म्हणतात ते!"

"तुले दादाचा हात आठवत नाही का?" बाबा म्हणाले.

दादा म्हणजे माझे मोठे काका. निजामाच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या पेटीत एक छापील पत्रक सापडलं होतं. तेवढ्यावर त्यांना पकडून नेलं. परत आले तेव्हा डाव्या हातानं त्यांना पाण्याचा गडवासुद्धा उचलता येत नव्हता. तेव्हापासून आमच्याच काय, गल्लीतल्या सगळ्या घरांत एक रीत पडली होती. सरकारी माणसानं कागद मागितला की आधी कागद चुलीत, मग बाकीचं. निजाम गेला, राज्य मोडलं, तरी रीत गेली नव्हती.

वहीचा पुठ्ठा जाड होता, लवकर पेटेना. बाबांनी काडीनं पानं मोकळी केली. मी रडत होते अन् मला रागही येत होता. शेवट तर मी ऐकलाच नव्हता!

शाळेत गेल्या गेल्या आम्हा दोघांना हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. खुर्चीवर धोतर-कोटातले एक तेलुगू साहेब बसले होते. बाबा उभेच राहिले. त्यांच्या कोपराला चुलीची राख लागली होती. मी ती पुसायला हात पुढं केला तर त्यांनी हात मागं घेतला.

"कहानी किसने लिखी?" साहेबांनी विचारलं.

बाबा म्हणाले, "लिखी नहीं साब. इस बच्ची ने ऐसेच मन से बनाई. बच्चों का खेल है."

माझ्या कानशिलात कोणी वाजवावी तसं झालं मला. नोकरी जाईल म्हणून ते खोटं बोलत होते, हे कळत होतं. तरी राहवलं नाही.

"खोटं! मी नाही रचली. माझ्या बाबांनी लिहिली."

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. बाबांनी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र पुढं वाकले. "चेप्पु, अम्मा." सांग म्हणाले.

मी सांगितली. अर्धी तेलुगू, अर्धी हिंदी, अडलं तिथं मराठी. निळ्या कापसाला "नीलि पत्ति" म्हणाले तेव्हा साहेब हसले. गोष्ट दारातल्या शिपायांपाशी आली अन् मी थांबले.

"फिर?"

"आगे वही में था."

साहेब बाबांकडं वळले. म्हणाले, काल हेडमास्तरांच्या घरी जेवायला होतो, तिथं यांच्या मुलीनं ही गोष्ट सांगितली. माझी पोरगी त्या निळ्या पोलक्याच्या पोरीसारखीच आहे, कोणात मिसळत नाही, शाळेत पोरं तिला हसतात. "नोटबुक दो, मास्टर. मैं तेलुगू में उतारकर उसको दूँगा."

बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. "जल गई साब," एवढंच म्हणाले.

नोकरी राहिली. मी बाबांशी बोलणं टाकलं. न भिणारी पोरगी लिहिणारा माणूस स्वतः एवढा भ्यावा, हे मला सोसलं नाही. काकांचा हात मला कळायला पुढं बरीच वर्षं जावी लागली.

आठवड्यानं बाबा नवी वही घेऊन माझ्यासमोर बसले. "सांग. तुले पाठ आहे."

मी रुसलेल्या तोंडानं सांगत गेले, ते लिहीत गेले. शिपाई दारात आले.

"पुढचं तुमी सांगा," मी म्हणाले.

बाबांनी टाक शाईत बुडवला. शाई निबावर वाळली, पुन्हा बुडवला.

"ती दार उघडते असं लिवलं होतं मी," ते म्हणाले. "तेच पोलकं घालून. पण आता माह्या हातानं ते लिवता येत नाही बाई."

अन् त्यांनी टाक माझ्या हातात दिला.

ती वही माझ्याजवळ आहे. सगळी बाबांच्या वळणदार अक्षरात. शेवटचं पान तेवढं वेडंवाकडं, अकरा वर्षांच्या पोरीचं.