जयवंत मास्तरांची गेरूची भिंत

करी रोडच्या जयवंत मास्तरांचा दोन गोष्टींवर गाढ विश्वास होता. एक सकाळी सहाची हवा, आणि दुसरे स्वतःचे डोळे. बसडेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस एकतीस वर्षं चाळीमागच्या मैदानात पोरापोरींना कबड्डी शिकवत होता, आणि सहाची शिट्टी कधी सहा-पाचलाही वाजली नव्हती. घरात लग्न असो की अंगात ताप, शिट्टी सहाला. बायकोने, रमाबाईंनी, एकदा विचारलं होतं की मी पहाटे गेले तरी आधी शिट्टी वाजवून मगच रडायला याल ना? मास्तरांनी उत्तराला जरा जास्तच वेळ घेतला होता. रमाबाई ते अजून विसरलेल्या नाहीत.

मास्तरांची परीक्षा सोपी. फाटकापासून भिंतीच्या कडेने ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत एका दमात पळत सुटायचं. दम तुटेल तिथे मास्तर भिंतीवर गेरूची रेघ ओढून नाव लिहायचे. दर महिन्याला नवी रेघ. ती आधीच्या रेघेच्या मागे आली तर मैदानाला पाच जादा फेऱ्या.

यंदा दिवाळीनंतर झाडून सगळ्यांच्या रेघा मागे आल्या. शेजारी नव्या टॉवरचं खोदकाम सुरू झालं होतं आणि पहाटे मैदानावर राखाडी पडदा उतरून बसायचा. मास्तर त्याला धुकं म्हणायचे आणि महाबळेश्वर दारात आल्यासारखे खूश व्हायचे. रेघांचा दोष त्यांनी आधी मोबाइलला दिला, मग शेवपुरीला, मग पोरांना उशिरापर्यंत जागवणाऱ्या आईबापांना. पाचाच्या दहा फेऱ्या केल्या. रेघा आणखी मागे सरकल्या.

सगळ्यात घसरली ती संघमित्रा. अकरा वर्षांची, काटकुळी, आणि चढाईला गेली की चौघींना बाद करून हसत परत येणारी. सप्टेंबरात तिची रेघ थेट पिंपळापर्यंत गेली होती. आता अर्ध्या वाटेवर, नळापाशीच दम तुटायचा आणि मग वाकून खोकत बसायची. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी बारा जणींची नावं रविवारी जाहीर व्हायची होती. मास्तरांनी तिचं नाव खोडलं. पोरगी आळसावली, एवढंच त्यांना दिसत होतं.

शनिवारी सकाळी तिची आई कौसल्या भेटायला आली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते तिने नीट सांगितलं. पळताना मुलं तोंडाने श्वास घेतात, बसल्या जागी लागते त्याच्या कितीतरी पट हवा ओढतात, आणि तिच्याबरोबर धूळही खोल जाते. त्यांची फुफ्फुसं अजून वाढतायत. त्यात थंडीच्या दिवसांत पहाटे ही धूळ खालीच साचून असते. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि डॉक्टरीणबाई कधी कबड्डी खेळल्यात का, असं विचारलं. कौसल्या निघून गेली.

त्याच दिवशी चार वाजता मास्तर विसरलेला चष्मा शोधायला मैदानात गेले. समुद्रावरचा वारा सुटला होता, सकाळचा पडदा कुठल्या कुठे गेला होता. पिंपळाच्याही दोन हात पुढे गेरूची ओली रेघ होती आणि तिच्यावर वेड्यावाकड्या अक्षरात ‘संघमित्रा’. बाईसाहेब स्वतः पारावर बसल्या होत्या, हात लाल. मास्तरांचं डोकंच फिरलं. एकतीस वर्षांत या भिंतीशी कुणी खोटेपणा केला नव्हता.

“खोटी रेघ?” ते म्हणाले.

“तुम्हीच बघा ना, सर. आत्ता,” ती म्हणाली.

ती फाटकापासून सुटली. नळ मागे पडला, पिंपळ मागे पडला, आणि आवाज तुटला तो बरोबर ओल्या रेघेवर. मास्तरांनी तिला थोडं बसवून पुन्हा पळवलं. पुन्हा तिथेच. खोकल्याचं नाव नाही.

आता ज्या डोळ्यांवर एवढा विश्वास, त्यांनाच खोटं कसं पाडणार? मास्तर मटकन पारावर बसले. दहा-दहा फेऱ्यांत आपण या पोरांच्या छातीत काय भरलं, या विचाराने त्यांना मनापासून लाज वाटली. चष्मा खिशातच होता, हेही तेव्हाच लक्षात आलं.

“तुझं नाव खोडलं ते चुकलं माझं,” ते म्हणाले. “उद्या पहिलं तुझंच.”

संघमित्राने मान डोलावली आणि विचारलं, चुकल्यावर दहा फेऱ्या ना, सर? तिसऱ्या फेरीला तिनेच त्यांना नळाचं पाणी आणून दिलं.

रविवारी सहाला शिट्टी वाजली ती शेवटची. मास्तरांनी नावं वाचली, पहिलं संघमित्राचं. यापुढे सराव चारला, आणि हवा वाईट असेल त्या दिवशी मैदान बंद, चाळीच्या खोलीत कॅरम, असं सांगून त्यांनी सगळ्यांना घरी पिटाळलं.

सोमवारी सहाला रमाबाईंना जाग आली, तर नवरा शेजारी अंथरुणात, डोळे टक्क उघडे, शिट्टी मुठीत. त्यांनी घाबरून त्याच्या कपाळाला हात लावला.

“ताप नाय गो,” मास्तर गावाकडच्या बोलीत म्हणाले. “पोरां निजली हत. निजांदे.”