कोकरं पाजून झाल्यावर

शाळा सुटल्यावर मी पिंगळी स्टेशनकडे निघालो, की वाटेत एका धनगराचा मेंढवाडा लागायचा. दिवेलागणीला मेंढ्या चरून परतल्या, की तो एकेक कोकरू उचलून बरोबर त्याच्या आईखाली सोडायचा. मला सगळी सारखीच काळी दिसायची. त्या धनगराच्या पोटात गाठ होती. बोलताना मधेच थांबायचा, कण्हून कळ जाऊ द्यायचा आणि तेच वाक्य पुढं न्यायचा.

डॉक्टरच्या गोळ्या त्याच्या पोटात ठरत नव्हत्या. गांजाचा कायदा नुकताच कडक झाला होता, तरी एकदा त्यानं कनवटीची पुडी सोडून मला वैदूनं दिलेली गांजाची कळी दाखवली.

"मागल्या कळीनं डोस्कं लय गरगरायचं, गुर्जी. ही थंड हाय म्हणत्यात. आत्ताच दुधात उकळून घेतली. तुमी बसा जरा."

कुणी येतंय का, म्हणून मी रस्त्याकडे बघत बसलो. हळूहळू त्याचं कण्हणं थांबलं.

"दुखणं हाय, पर पल्याडच्या शेतात गेलंय," तो हसला आणि कोकरू सोडायला उठला. मेंढीनं ते हुंगलं आणि डोक्यानं लोटून दिलं. दुसऱ्याचंही तसंच झालं. तो आपल्या हातांकडे बघत राहिला.

त्यानंतर तो कळी घ्यायचा ती कोकरं पाजून झाल्यावरच.

"त्येंची माय चुकली न्हाई पायजे," एवढंच म्हणाला.

मग लांबून त्याचं कण्हणं ऐकू आलं, की तो अजून कोकरं पाजतोय हे कळून मला बरं वाटायचं. एका संध्याकाळी कण्हणं नव्हतं, नुसती उपाशी कोकरं ओरडत होती. मी वाड्याकडे पळत सुटलो.