आफ्रिकेच्या पाहुण्याला दरेकसा दाखवताना

देशाचं उत्पन्न मोजणारा माणूस, अशी मी त्या काळी स्वतःची ओळख करून देत असे. खरं म्हणजे मी नमुना पाहणीचा साधा अन्वेषक होतो. गोंदियाहून गावोगाव जायचं, घरात काय पिकलं, काय खाल्लं, काय विकलं ते विचारायचं आणि भरलेले कागद नागपूरला पाठवायचे. तिथून ते दिल्लीला जात आणि तिथे कुणीतरी हुशार माणसं त्यांतून देशाचं उत्पन्न काढत. पण गोंदियाजवळच्या कुडव्यात, जिथे आम्ही राहायचो, तिथल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटे, नेहरूंनंतर हिशेबाचं सगळं माझ्याकडेच आहे. मीही तो समज मोडायला गेलो नाही.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. एका हिवाळ्यात नागपूरच्या साहेबांचा निरोप आला. आफ्रिकेतल्या एका नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचे एक अधिकारी कलकत्त्याला सांख्यिकी शिकायला आले आहेत, त्यांच्या देशात असं खातं नव्यानं उभं करायचं आहे, तरी त्यांना खेड्यातलं काम दाखवावं. एवढ्या लोकांतून माझीच निवड झाली म्हणून माझी छाती फुगली. बाकीचे सगळे मळणीसाठी रजा टाकून गावाला गेले होते, हे मला पुढे कळलं.

आफ्रिकेबद्दल माझं ज्ञान शाळेच्या भूगोलातल्या एका पानापुरतं होतं आणि त्या पानावर सिंहाचं चित्र होतं. तेवढ्या भांडवलावर मी ठरवून टाकलं की पाहुण्याला डोंगर-जंगलातच बरं वाटेल. म्हणून जवळचं नागरा गाव सोडून मी दरेकसाच्या पलीकडचा गोंडांचा एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, निवडला. आईनं विचारलं, "का रे, तो खाते तरी काय?" मी अधिकारवाणीनं म्हणालो, "शिकार." आईनं पोहे भिजत घातले.

स्टेशनवर गाडीतून उतरला तो कडक इस्त्रीचा सूट, चकाकणारे बूट आणि हातात काळी छत्री. माझा एकुलता एक कोट त्याच्यापुढे पोत्यासारखा दिसत होता. मी पाठ केलेलं इंग्रजी स्वागतपर भाषण केलं. त्यानं ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "इथे चहा मिळेल का?" घरी त्यानं पोहे दोनदा मागून घेतले. दुसऱ्यांदा वाढताना आईनं माझ्याकडे एकदा पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही निघालो. गप्पांत कळलं, पाहुणा बंदराच्या मोठ्या शहरात जन्मलेला, वडील जकातीच्या कचेरीत. जंगल त्यानं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. बाहेर डोंगर सुरू झाले तसा त्यानं हळूच विचारलं, "इथे वाघ आहेत?"

"भरपूर," मी म्हणालो. जणू ते मीच पाळले होते.

दरेकसाला उतरून पायवाटेला लागलो तेव्हा ते उत्तर मलाच जड जाऊ लागलं. बांबूच्या बेटात काहीतरी जोरात फुरफुरलं आणि आम्ही दोघं एकमेकांना धरून उभे राहिलो. भारत सरकार आणि मित्रराष्ट्र, दोघांचीही छत्री एकच. झाडीतून म्हैस बाहेर आली. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि निघून गेली. पुढची वाट आम्ही एकमेकांकडे न बघता चाललो.

टोल्यावर कोतवाल वाट पाहत होता. त्याला गोंडी यायची, मला नाही. त्यानं लोकांना एका मोहाच्या झाडाखाली जमवलं. एरवी मी कुणाच्या तरी ओट्यावर बसून, धान किती झालं, म्हशी किती, असं सुरू करत असे. पण त्या दिवशी पाहुण्यावर छाप पाडायची होती. मी उभा राहिलो आणि राष्ट्रीय उत्पन्न, पंचवार्षिक योजना, नव्या भारताची उभारणी यांवर बोलू लागलो. थोडं हिंदीत, थोडं मराठीत, आणि मधे मधे पाहुण्यासाठी इंग्रजीत. माझा आवाज मला फार आवडला. मी संपवलं तेव्हा कोतवालानं गोंडीत एकच वाक्य सांगितलं.

लोक उठले. एकजण म्हणाला, बैल पाहून येतो. दुसरा त्याच्यामागे गेला. बायकांनी पोरं उचलली. पाहता पाहता टोला रिकामा झाला. राहिल्या कोंबड्या, आणि एका अंगणात उखळात धान कांडणारी एक म्हातारी.

"कोतवाल, तुम्ही सांगितलं काय?" मी विचारलं.

"तुमी सांगितलं तेच सांगितलो, सायब. तुमी लय मोठं बोलले, मी लहान करून सांगितलो. म्हणलो, सरकारले सगळ्यायची कमाई पायजे."

म्हातारीला आमची बोली येत होती. मुसळ न थांबवता ती म्हणाली, "मंग कोन थांबन? माये पाय चालत असते तं मी बी गेली असती."

पाहुण्यानं विचारलं, त्या काय म्हणाल्या? खोटं बोलायचा मोह झाला होता, पण रिकामा टोला समोर होता. मी सांगून टाकलं. मला वाटलं, आता हा कलकत्त्याला जाऊन काय सांगेल! पण तो खो खो हसला. म्हणाला, "आमच्याकडेही असंच होतं. फक्त आमचे कारकून मग कचेरीत बसून कागद स्वतःच भरतात. नंतर अर्थमंत्री त्यावर भाषण करतात." तो म्हातारीच्या अंगणातल्या बाजेवर बसला आणि मला म्हणाला, "त्यांना विचारा, त्यांना मला काही विचारायचं आहे का?"

हे आमच्या सूचनापत्रात कुठेच नव्हतं. तरी मी विचारलं. म्हातारीनं मुसळ थांबवलं आणि त्याला नीट न्याहाळलं.

"याची माय जिती हाय का?"

"आहे."

"तिले सांगून आला का एवढ्या दूर?"

पाहुणा म्हणाला, "सांगून आलो. पण ती रडली तेव्हा मी सामान बांधत होतो." मी ते जसंच्या तसं सांगितलं. म्हातारीनं "हं" म्हणून मुसळ बाजूला ठेवलं.

"तुमच्याकडं काय कांडते?"

तो उठून उखळापाशी गेला. म्हणाला, त्याची आजी असंच मोठ्या उखळात कंद कांडायची, शहरात आल्यावरही तिनं ते सोडलं नव्हतं. त्यानं कोट काढून माझ्या हातात दिला, मुसळ उचललं आणि घाव घातला. पहिला घाव उखळाच्या काठावर बसला. दुसऱ्या घावाला धान उडालं आणि कोंबड्या धावून आल्या. म्हातारी इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. त्या हसण्यानं कुडाच्या पलीकडे एक डोकं दिसलं, मग आणखी एक. बैल पाहायला गेलेले सगळे एकेक करून अंगणात आले. बैल कुणाबरोबरही नव्हते.

मग त्या टोल्यानं पाहुण्याची पाहणी केली. तुमच्याकडे जमीन कुणाची? गोरे खरंच गेले का? जाताना काय काय घेऊन गेले? लग्नात पोरीकडचे देतात की पोराकडचे? पाहुणा प्रत्येकाला उत्तर देत होता, आणि ठाऊक नसेल तर नाही ठाऊक म्हणत होता. तुम्ही खाता तो तांदूळ कोण पिकवतो, असंही एकानं विचारलं. "बोटीनं येतो," तो म्हणाला. "कुठून, ते मला घरी गेल्यावर पाहावं लागेल."

त्याचं झाल्यावर म्हातारी माझ्याकडे वळली.

"आन तू? तुयं लगन काऊन नाही झालं? नोकरी हाय, कपडा हाय. मायबाप काय करून राहिले? का तुयातच काही खोट हाय?" ती बरंच बोलली. माझ्या उंचीवर बोलली, माझ्या चालण्यावर बोलली. सगळे हसत होते.

"काय म्हणाल्या?" पाहुण्यानं विचारलं.

"माझ्या घरची चौकशी करत आहेत," मी म्हणालो.

"त्या एवढं बोलल्या आणि तुम्ही एवढंच सांगता?"

कोतवालाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मी विसरलेलो नाही.

त्यानंतर माझे प्रश्न सुरू झाले, आणि कधी नव्हे ते कुणी टाळाटाळ केली नाही. धान सांगितलं, मोहफुलं सांगितली, जंगलातली मजुरी सांगितली. म्हातारीची पाळी आली तेव्हा मी सवयीनं "काम करत नाही" असं लिहिलं. पाहुणा खांद्यावरून पाहत होता. त्यानं उखळाकडे बोट दाखवलं. "हे कुठल्या रकान्यात जातं?"

"कुठल्याच नाही. हे घरकाम."

"आणि हेच गिरणीत केलं तर?"

"मग जातं."

"मग तुमची म्हातारी गिरणीपेक्षा कमी का?"

मी परतीच्या वाटेवर आणि दरेकसाच्या फलाटावर त्या रकान्यांची बाजू अशी लढवली, जणू ते मीच आखले होते. शेवटी माझं इंग्रजी संपलं. उरलेलं भांडण मी मराठीतून केलं आणि तो मान डोलावत राहिला. पण त्यानं ठरवलंच होतं की त्याच्या देशात बायकांना दिवसभर काय करता हा प्रश्न आधी विचारायचा, रकाने मग आखायचे. मी विचारलं, वरचे ऐकतील का? तो म्हणाला, "सध्या तरी वरचा मीच आहे. आमच्या खात्यात अजून खुर्च्याही पुरेशा नाहीत."

तो हावड्याच्या मेलनं गेला. निघताना आईच्या पाया पडला आणि पोह्यांची पुरचुंडी खिशात घालून गेला.

काही आठवड्यांनी नागपूरच्या साहेबांनी मला बोलावून त्याचा अभिप्राय वाचून दाखवला. पद्धत फार उपयोगी वाटली, असं त्यात होतं. टोल्यावरच्या त्या वृद्ध बाईंचे विशेष आभार होते, कोतवालाचे होते, माझ्या आईचेही होते. शेवटी लिहिलं होतं, एका उत्साही दुभाष्याचीही मदत झाली.

"हा दुभाष्या कोण?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, चौकशी करावी लागेल.

त्यानंतर मी कुठल्याच गावात भाषण केलं नाही. ओट्यावर बसलो की धान आणि म्हशी विचारायच्या आधी म्हणायचो, तुम्हीच विचारा. ते जमायला वेळ लागला, कारण गप्प बसणं मला कुणी शिकवलेलं नव्हतं. सालेकसाकडच्या एका गावात एक शेतकरी म्हणाला, "सायब, तुमी हे सगळं लिहून दिल्लीले पाठवता. तिथं त्याचं काय करते?"

इतकी वर्षं देशाचं उत्पन्न मोजून मला ते नीट सांगता येईना. विचारून सांगतो, म्हणालो. मी खरंच साहेबांना विचारलं. साहेबांनी प्रश्न कागदावर उतरवून घेतला. मग म्हणाले, "वर विचारून सांगतो."