दोन्हीकडचे मुलीवाले

राज्य सरकारंही परदेशात जाऊन धंदा शोधतात, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. असले करार दिल्लीतच होतात अशी माझी समजूत. त्यामुळे जर्मनीतल्या एका राज्याचं शिष्टमंडळ ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या हॉटेलात लघुउद्योजकांना भेटणार, असं पत्र आलं तेव्हा मी एकच अर्थ काढला: माल घ्यायला येताहेत.

डोंबिवलीत माझं छोटं वर्कशॉप आहे, व्हॉल्व्हचे सुटे भाग करतो. मोठं गिऱ्हाईक तुटलेलं, तीनच कामगार उरलेले, नवी ऑर्डर आली नाही तर दिवाळीनंतर कुलूप. हे तिघांनाही माहीत होतं. भेटीचा दिवस शुक्रवार, म्हणजे आमच्या औद्योगिक वसाहतीची सुट्टी, तरी तिघेही न बोलावता आले. लेथ चालवणाऱ्या आमच्या जुन्या टर्नरना सगळे काका म्हणतात. त्यांनी नमुने लखलखीत करून पेटीत लावले आणि प्रत्येकाला हळदकुंकू लावलं.

"काका, परदेशी माणसं आहेत. पुसा ते."

"असू दे ना शेठ. पहिल्यांदा बाहेर चाललाय आपला माल."

हॉटेलात शिष्टमंडळातल्या एक उंच बाई समोर बसल्या. त्यांनी एक नमुना उचलला, बोटाला लागलेलं कुंकू पाहून हसल्या, काम सुंदर आहे म्हणाल्या आणि माझ्यापुढे एक गुळगुळीत पुस्तिका सरकवली. त्यात त्यांच्या राज्यातल्या मोकळ्या जागा, करसवलती. तुमचा कारखाना आमच्याकडे काढा, असं त्या सांगत होत्या. मला वाटलं, माझंच इंग्रजी कच्चं. शेजारच्या आपल्या सरकारी अधिकाऱ्याला विचारलं.

"बरोबर समजलात. पुढच्या महिन्यात आपलं सरकारही तिकडे जातंय, त्यांच्या कंपन्यांना इकडे बोलवायला."

म्हणजे दोन्हीकडचे मुलगी दाखवायलाच निघालेले, बघणारं कोणीच नाही. मी खुळ्यासारखा मान हलवत राहिलो. चिडावं तर कोणावर? बाई तर फार अदबीने बोलत होत्या.

परतलो तेव्हा तिघे दारातच उभे होते. मी तोंड उघडायच्या आत काकांनी पेटी उघडून पाहिली. एक नमुना कमी होता. बाईंनी आठवण म्हणून मागून घेतला होता.

"एक ठेवून घेतला त्यांनी," काका बाकीच्यांना म्हणाले. "म्हणजे पसंत पडला. हो ना, शेठ?"

खरं सांगायची लाज वाटली, भीतीही वाटली. मी हो म्हणालो. काकांनी सुट्टीच्या दिवशी मशीन चालू केलं, आणि मी थांबवलं नाही.